तिसरी बाटली

"हे मासे तुम्ही मारलेत, साहेब!" ती म्हणाली आणि तिनं ओट्यावर तळहात आपटला. "माझ्या नवऱ्यानं नाही, तुम्ही. दरवर्षी आलात, कपाटातले मास्क मोजलेत, त्यांच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा कुणी फाडलेलं नव्हतं, तरी सही ठोकलीत आणि चहा पिऊन गेलात. मास्क काय कपाटाला लावायचे असतात?"

साहेबांनी मटार सोलायचं थांबवलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला आणि त्याच्यावरून तिच्याकडे रोखून पाहिलं.

"बाई, आवाज खाली. हे ऑफिस आहे, तुमच्या आईचं घर नाही."

"आई, ते असं बोलत नाहीत गं."

"मग कसं बोलतात? मी कुठं साहेब पाहिलाय? जन्मभर मुकादमच पाहिले."

साहेब म्हणजे तिची आई. उद्याच्या सुनावणीची तालीम स्वयंपाकघरात चालली होती. आई स्टुलावर ताठ बसली होती, मांडीवर मटारची परात आणि पायात जावयाचे बूट. बूट कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली होती, "साहेब अनवाणी असतो होय?"

"पुढचं बोल," आई म्हणाली. "मटार संपत आलेत. संपले की साहेब जेवायला उठतील, मग बस बोंबलत."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि ते हसू तोंडावर असतानाच तिच्या नाकाला काहीतरी झोंबलं. कापड करपल्याचा वास. तिनं मागे वळून पाहिलं.

दाराच्या पलीकडे टेबलावर तिचा नवरा उद्याचा पांढरा शर्ट इस्त्री करत होता. करत होता म्हणजे इस्त्रीवर हात ठेवून खिडकीबाहेर पाहत उभा होता. इस्त्री एका जागी थबकली होती आणि तिच्या बुडाखालून निघालेला बारीक धूर त्याच्या मनगटावरून, बाहीवरून, हनुवटीवरून वर चढत होता. धुरात उभा राहूनही त्याचा चेहरा इतका शांत होता, की क्षणभर तिला वाटलं आपण हे झोपेत पाहतोय. मग त्याची नजर तिच्याकडे वळली. तिच्या आकसलेल्या नाकाकडे, कपाळावरच्या आठीकडे त्यानं पाहिलं, आणि त्यानंतर खाली.

"अरे! करपलं की."

"तुला वास नाही आला?"

"आला ना. आला म्हणून तर उचलली."

"जावईबापू," आई आतून ओरडली, "अख्ख्या गल्लीला आला, तुम्हाला सगळ्यांच्या शेवटी? आणि म्हणे नाकोबा!"

तोही हसला. शर्ट झटकून त्यानं उजेडात धरला. खालच्या टोकाला इस्त्रीच्या शेंड्याचा तपकिरी डाग उठला होता, वाळक्या पानासारखा.

"खोचला की डाग पँटीच्या आत. साहेबाला काय दिसतंय!"

तिनं शर्ट हातात घेतला. डागावरून अंगठा फिरवला. कापड अजून गरम होतं. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, तिच्या मनात आलं. आधी माझ्याकडे, मग इस्त्रीकडे.

*

नाकोबा हे नाव त्याला काचघरांनी दिलं होतं. गावाबाहेर फुलांची मोठी नर्सरी होती, काचेची लांबच लांब घरं, आत गुलाबांचे वाफे. तो तिथे फवारणीवाला होता आणि ती फुलं बांधायच्या खोलीत. दोघांच्या मध्ये एक काच. तिथूनच तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं होतं, उलट्या पावलांनी चालताना. फवारताना उलटंच चालायचं असतं, म्हणजे मारलेल्या औषधातून पुन्हा जावं लागत नाही. औषध म्हणजे कीड मारायचं विष, पण तिथे सगळे त्याला औषधच म्हणत. पाठीवर पंप, हातात नळी, आणि तो एकेक पाऊल मागे टाकत जायचा. समोरचं धुकं त्याच्यामागे मागे यायचं. आधी त्याचे पाय दिसेनासे व्हायचे, मग हात, मग चेहरा. काच पांढरी व्हायची. मग ती फुलांच्या जुड्या बांधत बसायची आणि धुकं विरायची वाट पाहायची. तो परत दिसला की तिला दरवेळी वाटायचं, हा कुठूनतरी लांबून आलाय.

त्याचं नाक म्हणजे नवल होतं. दारात उभं राहून तो सांगायचा, तिसऱ्या वाफ्याला भुरी लागतेय, आज दिसणार नाही, परवा दिसेल. परवा दिसायची. पूर्वी पाहुणे आले की मालक त्याला बोलावून घ्यायचे, डोळ्यांना रुमाल बांधायचे आणि नाकाखाली एकेक बाटली धरायचे. हे कोळी किडीचं, हे माव्याचं, हे बुरशीचं, हे नुसतं पाणी. पाहुणे टाळ्या वाजवायचे. मालक त्याच्या पाठीवर अशी थाप मारायचे जशी शर्यतीच्या घोड्याच्या मानेवर मारतात. घोड्याला खरारा तरी करतात. ह्याला मास्कसुद्धा कुणी दिला नाही. मास्क होते. मुकादमाच्या खोलीत काचेच्या कपाटात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, एका ओळीत. तपासणीचे साहेब आले की मुकादम कपाट उघडायचा, साहेब मान डोलवायचे, कपाट बंद व्हायचं. शिवाय मुकादम म्हणायचा, "नाकोबाला मास्क लावला तर त्याचा उपयोग काय?" सगळे हसायचे. तोही. तीसुद्धा हसली होती, हे तिला आता आठवायचं.

औषधाचे रिकामे ड्रम कसे संपवायचे, त्याचा नियम भिंतीवर चिकटवलेला होता. अमुक वेळा धुवा, बुडाला भोक पाडा, कंपनीला परत करा, कुणालाही वापरायला देऊ नका. नियम चांगला होता, त्याच्यावर चांगलं जाड प्लॅस्टिकही होतं. पण ड्रम परत न्यायला कंपनीची गाडी कधी आली नाही, आणि धडधाकट निळ्या ड्रमाला भोक पाडायला कुणाचा हात धजेना. मग पद्धत पडली होती. पोरं ड्रम धुवायची आणि हाक मारायची, "नाकोबा!" तो यायचा, ड्रममध्ये खांद्यापर्यंत डोकं घालायचा, आत खोल श्वास घ्यायचा. आतून त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा: "अजून आहे." पोरं पुन्हा धुवायची. कधीतरी तो डोकं बाहेर काढून नुसता हात वर करायचा. झालं. ड्रम स्वच्छ. मग तो कुणाच्या तरी घरी पाणी भरायला जायचा. नियमावर कुणाचा विश्वास नव्हता, नाकावर होता.

असाच एक ड्रम गावच्या बागेतल्या म्हाताऱ्या माळ्याला दिला होता. माळीबाबांनी त्यात पाणी साठवलं, सकाळी कमळाच्या तळ्यात सोडलं आणि उरलेल्या पाण्यानं चूळ भरली. उन्हं वर आली तेव्हा तळ्यावर चांदी पसरली होती. माणसं फिरायला आली आणि काठावर उभी राहिली.  मासे पोट वर करून एकमेकांना चिकटून तरंगत होते आणि वाऱ्यानं सगळे मिळून हलत होते, जणू पाणीच कूस बदलत होतं. माळीबाबा कठड्याला टेकून बसले होते, तोंडाला फेस.

ते वाचले. पण अजून पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरतात. तो भेटायला गेला तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू हुंगलास म्हणून मी घेतला रे."

त्या दिवसापासून तिच्या झोपेत मासे यायला लागले. फुलं बांधायच्या खोलीतून ते सावकाश पोहत जायचे, जुड्यांच्या मधून, काचेच्या आरपार.

आणि मग नोटीस आली. धोकादायक शेतीरसायनाची निष्काळजी हाताळणी. शिक्षा तुरुंगाची किंवा दंडाची किंवा दोन्ही, आणि परवाना कायमचा रद्द. नोटिशीत मालकांचं नाव नव्हतं. मुकादमाचं नव्हतं. औषध हाताळायचा परवाना नाकोबाच्या नावावर होता. मालकांनीच तो मोठ्या कौतुकानं काढून दिला होता, चौकटीत बसवून. त्यावेळी पेढे वाटावेत इतका आनंद घरात झाला होता.

*

दुपारी आई पाय पसरून झोपली, बुटांसकट. तो मागच्या पायरीवर बसला होता. ती येऊन शेजारी बसली. अंगणात धुतलेल्या चादरी वाळत होत्या आणि त्यांच्यामागचं ऊन हलत होतं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"नाटक नको."

त्यानं चादरींकडे पाहिलं. मग म्हणाला, "एकदम नाही गेलं. आधी गुलाब गेला. मला वाटलं, फुलंच तशी येतायत हल्ली. मग पाऊस. मग तुझे केस."

"आणि औषध?"

"ते सगळ्यात शेवटी गेलं. वाटायचं, एवढं तरी राहील. एवढंच राहावं असं कुणाला वाटलं असेल का गं?"



"मग तू डोकं घालत होतास ते? ड्रममध्ये?"

"पोरांची तोंडं बघायचो. डोकं बाहेर काढलं की त्यांच्याकडे बघायचं. त्यांनी नाक मुरडलेलं असलं की म्हणायचं, अजून आहे. त्या दिवशी पोरांनी तोंडाला फडकी बांधली होती. धूळ होती ना. डोळेच दिसत होते." त्यानं हाताचे तळवे एकमेकांवर घासले. "मी अंदाजानं हात वर केला."

"सांगायचं होतंस."

"कुणाला? मुकादमाला? नाकोबाचं नाक गेलं म्हणून? दुसऱ्या दिवशी दारात उभा केला नसता."

"मला."

"तुला कळलं असतं तर तू माझ्याकडे कीव करून पाहिलं असतंस. मग मला तुझ्या तोंडावरचं वाचता आलं नसतं." तो ओशाळून हसला. "घरात मी तुझ्याच नाकानं जगतोय. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. भाजी उतू चालली तरी दिसतं, पाऊस आला तरी दिसतं. तू उशीत तोंड खुपसून हसलीस की समजायचं, चादरी उन्हात वाळल्यात."

 किती वर्षं ती कुणासाठी तरी वास घेत होती, आणि तिला पत्ताच नव्हता.

"उद्या हे सांग," ती म्हणाली. "साहेबांपुढे. मास्क दिले नाहीत, त्यानं नाक गेलं, नाक गेलं म्हणून चूक झाली. मग बघू कुणाचं नाव येतंय नोटिशीत."

"नाही."

"का नाही?"

"चुकलो म्हणतो. देतील ती शिक्षा घेतो. शिक्षेला शेवट असतो. पण निकामी म्हणून शिक्का बसला, की त्याला शेवट आहे का? मला दुसरं येतं काय? आणि माळीबाबांनी माझ्या भरवशावर चूळ भरली. मी खोटं हुंगत होतो. ते खोटं माझंच आहे, मालकाचं नाही."

"तुझं आहेच. मी कुठं नाही म्हणतेय? घे शिक्षा. पण एकट्यानं का?"

 चादर वाऱ्यानं फुगली आणि पुन्हा खाली आली.

"तू उद्या हे बोलणार नाहीस," तो म्हणाला. "शब्द दे."

"तालीम केलीय मी. आईला बूट घालायला लावले."

"मास्कांचं बोल. काय बोलायचं ते बोल. माझ्या नाकाचं नाही. शब्द दे."

तिनं त्याचा हात हातात घेतला. बोटांच्या पेरांवर औषधानं पडलेले पिवळे डाग होते, कितीही धुतले तरी न जाणारे. तिनं ते नाकाशी नेले. अजून वास होता, गोडसर, सडक्या लसणासारखा. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता.

"आहे का अजून?" त्यानं विचारलं.

"आहे."

मग तिनं शब्द दिला.

*

सुनावणीच्या खोलीत घरातलं एकच माणूस आत घेणार होते. आई बाहेरच्या बाकावर राहिली. खऱ्या साहेबांना आत जाताना पाहून ती लेकीच्या कानाला लागली.

"हा? हा तर माझ्यापेक्षाही नवखा साहेब दिसतोय. घाबरू नकोस. फक्त बूट चांगलेत त्याचे."

खोली लहान होती. खिडकीच्या काचा दुधाळ होत्या, त्यामुळे उजेड कुठून येतोय ते कळत नव्हतं. वर पंखा इतका हळू फिरत होता, की पाण्याखाली फिरतोय असं वाटावं. टेबलामागे साहेब, दरवर्षी तपासणीला यायचे तेच, बाजूला कारकून, एका खुर्चीत नर्सरीचा वकील, त्याच्यामागे मुकादम. मालक आले नव्हते. समोर तो, पांढऱ्या शर्टात, शर्ट नीट खोचलेला. ती पहिल्या बाकावर, त्याच्यापासून हातभर अंतरावर.

साहेबांनी कलम वाचलं. शिक्षा वाचली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. हवामानाचा अंदाज वाचावा तसं ते तुरुंग आणि दंड वाचत गेले.

"कबूल आहे?"

"चुकलो, साहेब," तो म्हणाला.

तिथेच संपलं असतं. पण वकिलाला तेवढ्यावर समाधान नव्हतं. माळ्याच्या घरचे उद्या नर्सरीकडे भरपाई मागतील, म्हणून नर्सरीला आज धुतल्या तांदळासारखं बाहेर पडायचं होतं. तो उठला, घसा खाकरला.

"साहेब, ही नुसती चूक नाही. ह्या माणसाचं नाक असं आहे, की बंद बाटलीतलं औषध ओळखतो. ड्रममध्ये काय होतं, ते त्याला माहीत होतं. माहीत असून त्यानं दिला. नर्सरीनं त्याच्यावर विश्वास टाकला होता. मुकादम, सांगा."

मुकादम उभा राहिला. त्याच्या आवाजात जुनं कौतुक होतं, सवयीनं आलेलं.

"डोळे बांधून सांगतो, साहेब. पाहुणे थक्क व्हायचे. आमचा नाकोबा म्हणजे नाकोबा. म्हणत असाल तर आत्ता दाखवतो."

वकिलानं बॅगेतून तीन सारख्या बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. सारखी झाकणं, सारखं स्वच्छ दिसणारं पाणी. एकीत त्या ड्रमाचं धुवण, बाकी दोन्हीत नळाचं पाणी. कुठल्या बाटलीत काय, ते बुडाला लिहिलं होतं.

"उघडणं सुरक्षित आहे का?" साहेबांनी विचारलं.

"क्षणभरच, साहेब. आणि लांबून."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं मागचं कपाट उघडलं. आत मास्क होते, प्लॅस्टिकमध्ये, एका ओळीत. त्यानं एक पाकीट फाडलं. हा चर्र आवाज तिनं नर्सरीत कधी ऐकला नव्हता. एक मास्क साहेबांना, एक वकिलाला, एक मुकादमाला, एक त्यानं स्वतः लावला. एका बाटलीच्या एका क्षणासाठी. खोलीतली सगळी तोंडं गेली, नुसते डोळे उरले. त्याला मास्क द्यायचा प्रश्नच नव्हता, त्याला हुंगायचं होतं. आणि तिला द्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

तो उभा होता तिथून त्यानं एकेकाकडे पाहिलं. साहेबांचे डोळे. कारकुनाचे डोळे. मुकादमाचे डोळे. कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्याकडेच पाहत राहिला.

तेव्हा तिला कळलं, खोलीत एकच चेहरा उघडा आहे.

नाक मुरडलं की तो ओळखेल. ओळखलं की त्याचं नाव राहील. नाकोबा राहील. माहीत असून माणसाच्या तोंडात विष घातलं, असंही राहील, आणि नर्सरी धुतली जाईल. आणि नाही मुरडलं, तर तो चुकेल, सगळ्यांसमोर, मुकादमासमोर. मग सगळ्यांना कळेल. तिनं शब्द दिला होता की ती बोलणार नाही. चेहऱ्याचा शब्द कुणी मागितला नव्हता.

कारकुनानं पहिलं झाकण काढलं. पंखा फिरला. काही नाही, पाणी. तिचा चेहरा सैल राहिला. झाकण बंद झालं.

दुसरं झाकण निघालं.

वास यायला वेळ लागला. पंख्याबरोबर तो सावकाश तरंगत आला, गोडसर, सडक्या लसणासारखा, आणि त्याच्याबरोबर सगळंच आलं. काच पांढरी झाली. जुड्यांच्या मधून मासे निघाले. तो उलट्या पावलांनी मागे मागे जात होता, आधी पाय, मग हात. तिचे डोळे चुरचुरले, नाकपुड्या आतल्या आत ओढल्या गेल्या. तिनं दात दातांवर ठेवले आणि चेहरा धरून ठेवला. पापणी लववली नाही. समोरच्या पाण्यावर एक तरंग उठू नये, असा धरला. त्याच्या डोळ्यात बघत धरला.

झाकण बंद झालं. तिसरं निघालं. काही नाही. तिचा चेहरा आपोआप सुटला, खांदे खाली आले, तिनं श्वास सोडला.

"हं," वकील मास्कच्या आतून म्हणाला. "सांगा."

तो टेबलाजवळ गेला. पुन्हा एकदा त्यानं तिच्याकडे पाहिलं. कित्येक वर्षं तो हा चेहरा वाचत आला होता, हसताना, भांडताना, झोपेत. इतका गोठलेला त्यानं तो एकदाच पाहिला होता, आत्ता, दुसऱ्या बाटलीला. त्याचा हात पुढे झाला आणि दुसऱ्या बाटलीच्या झाकणावर थांबला. अंगठा झाकणाच्या कडेवरून फिरला, हळू, तिनं डागावरून फिरवला होता तसा.  त्याच्या तोंडावर बारीक हसू आलं, पायरीवर आलं होतं तसलं, ओशाळलेलं. अंगठा उचलला गेला.

"ही," तो म्हणाला आणि त्यानं तिसरी बाटली उचलून साहेबांपुढे ठेवली. "हीच."

कारकुनानं बाटली उलटी करून बूड पाहिलं. साहेबांनी पाहिलं. वकिलानंही मान लांब करून पाहिलं.

"नाकोबा," मुकादम खालच्या आवाजात म्हणाला, "अरे, पाणी आहे ते."

"असेल, साहेब. मला नाही कळत. बरीच वर्षं नाही कळत."

एवढं बोलून तो मागे सरकला. उलट्या पावलांनीच. तिच्या बाकाशी येऊन टेकला. हात टेबलावर ताणल्यामुळे शर्ट पँटीतून सुटला होता, आणि तपकिरी डाग बाहेर आला होता. त्यानं तो आत खोचला नाही.

साहेबांनी पेन उचललं. "परवाना रद्द," ते पुटपुटत लिहू लागले. "धारक शारीरिकदृष्ट्या अपात्र. स्वतःची अपात्रता लपवली, म्हणून..." पुढच्या शब्दासाठी त्यांनी कायद्याचं पुस्तक जवळ ओढलं आणि पानं उलटू लागले.

ती उभी राहिली. काल पाठ केलेलं सगळं डोक्यातून पुसून गेलं होतं, मासे, सह्या, चहा, सगळं. तळहातसुद्धा आपटला गेला नाही. ती टेबलापर्यंत गेली आणि तिनं हळूच त्या पुस्तकावर हात ठेवला, पान उलटायचं थांबेल इतकाच.

"बाई, खाली बसा."

"बसते. ह्यानं लपवलं, त्याचं कलम तुम्हाला सापडेल. सापडायलाच हवं, त्या म्हाताऱ्याचे हात अजून थरथरतात. लिहा, किती लिहायचं ते." तिचा आवाज चढला नाही. "पण ह्याचं नाक ज्यांनी कपाटात कुलूप लावून ठेवलं, त्यांचं कलम ह्यात कुठल्या पानावर आहे? आणि ते कपाट दरवर्षी बघून जाणाऱ्याचं?"

 पंखा फिरत होता. बंद बाटलीतून येत नसतानाही वास अजून खोलीत होता, आणि तो फक्त तिलाच येत होता.

"मास्क काढा, साहेब," ती म्हणाली. "तोंड दिसू दे. आणि सांगा."